सोळा नंबरची सुई

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांचाही बसला नव्हता. त्यातून पाहणाऱ्यांपैकी एक, म्हणजे मास्तरीणबाईंची वहिनी, आत्ता त्या कोपऱ्यात कोटाला बटणं लावत बसली आहे. तेव्हा धडधडीत खोटं बोलायची सोय नाही. फार तर थोडं सैल शिवतो, पुढेमागे उसवता येईल असं.

मास्तरीणबाई या शिलाईच्या दुकानाच्या मालकीण. त्यांनी घातलेल्या टिपेवर मुंगी सोडली तर ती सरळ घरी पोचायची. वहिनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको, दुकानात काज-बटण करायची, पण सुईचं त्याहून नाजूक काम बाई तिच्या हाती कधी देत नसत.

तर या बाईंनी बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून मांजरीचं एक पिल्लू सांभाळायला आणलं. आई नाही, डोळे नुकते किलकिले झालेले. बाटलीनं दूध पाजायचं आणि खायला लागलं की परत नेऊन द्यायचं, असं ठरलेलं. पिल्लू केवढं? शर्टाच्या खिशात ठेवलं तर खिसा रिकामा समजून कुणीही त्यात पेन खोचावं, एवढं. नाव पडलं बॉबिन, मशीनमधल्या दोऱ्याच्या छोट्या रिळावरून. त्याला दर दोन-अडीच तासांनी पाजायचं. तेव्हापासून बाईंची पाठ म्हणून अंथरुणाला लागली नव्हती.

बाटलीबरोबर दोन रबरी बोंडं मिळाली होती. बोंडाला भोक आपलं आपण पाडायचं असतं. बाईंनी बारीक सुई तापवून पहिल्या बोंडाला भोक पाडलं. बॉबिन कान हलवत, पंजे दाबत ओढायचं, आणि दूध यायचं थेंबाथेंबानं. बाईंचा जीव कळवळला. "केवढी मेहनत पडते गं त्याला," म्हणाल्या, आणि सोळा नंबरची सुई तापवून तेच भोक मोठं केलं. ही सुई म्हणजे जीन्सच्या चार पदरांतून न थांबता जाणारी. त्यानंतर दूध सरसर यायला लागलं. बॉबिन शिंकलं, नाकातून दुधाचा बुडबुडा आला. बाईंनी तो पुसला आणि कौतुकानं म्हणाल्या, "हावरट कुठला."

दुसऱ्या दिवशी सकाळी हावरटानं बाटलीकडे पाठ फिरवली. श्वासाबरोबर बारीक करकर, तेल न घातलेल्या कात्रीसारखी. अंग गार. पिल्लू स्वेटरच्या आत घेऊन बाई दवाखान्यात पोचल्या, तेव्हा पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

जनावरांच्या डॉक्टरणीनं छाती तपासली. तपासायची चकती ठेवल्यावर खाली पिल्लू दिसेना. मग तिनं बाटली मागितली आणि टेबलावर उलटी धरली. टप टप टप.

"भोक कुणी पाडलं?"

"मीच."

"कशानं?"

"सुईनं." कितव्या नंबरच्या, ते बाईंनी सांगितलं नाही.

"बाटली उलटी केली तर थेंब टोकाला लोंबला पाहिजे, पडता कामा नये. दूध घशाखाली नीट न उतरता छातीत गेलंय." तिनं औषधाचे थेंब दिले. "आणि एक. अंग गार असताना अजिबात पाजायचं नाही, जिवावर बेतेल. आधी ऊब द्या. तोंडात बोट घालून बघा, आतून कोमट लागलं की मगच पाजा."

"आणि लागलंच नाही तर?"

डॉक्टरीण औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवत राहिली. "संध्याकाळपर्यंत प्यायला हवं," एवढंच म्हणाली.

दुकानात बुटांच्या खोक्यात गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर फ्लॅनेलच्या चिंध्या, त्यावर बॉबिन. शिलाई मशीनचा दिवा वाकवून खोक्यावर आणला. मशीनमध्ये एका शर्टाची बाही अर्धवट तशीच अडकलेली. बाईंनी बोट बॉबिनच्या तोंडात घातलं. गार. ओल्या मातीत बोट घातल्यासारखं.

दूध कोमट केलं, ते निवलं. पुन्हा केलं, पुन्हा निवलं.

"वन्सं, किती वेळा बोट घालाल? पिल्लू आहे ते, लोणच्याची बरणी नव्हे."

"भुकेनं जाईल गं ते."

"पाजलंत तर त्याआधी जाईल. तुम्हीच सांगितलंत ना आल्याआल्या?"

बाईंनी दुधाचं भांडं बाजूला सारलं. मग हळूच म्हणाल्या, "सोळा नंबरची घेतली होती मी."

"ठाऊक आहे. सुयांच्या डबीत जागा रिकामी दिसली." वहिनीनं गरम पाण्याची पिशवी बदलली. "चिमणीएवढं तोंड आणि जीन्सची सुई. त्यापेक्षा थेट नळालाच लावायचं होतं." पण हे ती इतक्या हळू म्हणाली की टोमणा खोक्यापर्यंत पोचला नाही.

इतक्यात एक गिऱ्हाईक आलं. "माझी पॅन्ट झाली का?"

"हळू बोला," बाई म्हणाल्या. "आत आजारी आहे."

"कोण?"

"बॉबिन."

गृहस्थ चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत बाहेर पडले. पॅन्ट विचारायला पुन्हा आले नाहीत.

ऊन दारातून सरकत कापायच्या टेबलाखाली गेलं. करकर चालूच होती. मधेच ती थांबली की बाईंचाही श्वास थांबायचा, आणि पुन्हा सुरू झाली की दोघांचा मिळून सुरू व्हायचा. शेवटी बाईंनी बोट घातलं आणि तसंच ठेवलं.

"काय?"

"तू बघ. मला आता माझंच बोट कळेना."

वहिनीनं हात पुसून करंगळी घातली. "कोमट आहे," ती म्हणाली. "अहो, चावतंय की."

आता दुसरं बोंड. हे बिघडलं तर तिसरं नव्हतं, आणि निवारा त्या दिवशी बंद. बाईंनी सगळ्यांत बारीक सुई चिमट्यात धरून तापवली आणि बोंडावर आणली. सुई डावीकडे गेली. पुन्हा आणली, उजवीकडे गेली. ज्या हातानं बाई डोळे मिटून कॉलर बसवायच्या, त्या हाताला बोंडाचं टोक सापडेना.

"वहिनी, तू पाड."

"मी? परवा एक बटण तिरकं लागलं तर दिवसभर ऐकवलंत."

"ऐकवेन नंतर. आत्ता पाड."

वहिनीनं सुई तापवली, एकदाच टोचली आणि काढली. बाटली उलटी धरली. बोंडाच्या टोकाशी थेंब आला. फुगला. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. थेंब लोंबला तो लोंबलाच, पडला नाही.

बॉबिनला पोटावर निजवून बोंड ओठाला लावलं. काही नाही. ओठावर दुधाचा थेंब पसरला, हनुवटीवर आला. बाईंनी तो पुसला, पुन्हा लावला. काही नाही. तिसऱ्यांदा जीभ दिसली, गुलाबी, चिमटीत सापडणार नाही एवढी. मग एक कान हलला. मग दुसरा. बाटलीत एक बुडबुडा वर चढला, आणि बाईंनी सकाळपासून धरलेला सुस्कारा सोडला.

आता पुढचं ऐका. दूध संपलं आणि बॉबिन गुरगुरायला लागलं. गुरगुर म्हणजे कशी! आधी बटणांची बरणी थरथरली. मग खिळ्याला लटकवलेल्या कात्र्या किणकिणल्या. दाराची काच वाजायला लागली, रस्त्यावरची माणसं थांबून आत डोकावली. त्या हादऱ्यानं मशीनचं चाक आपोआप फिरलं, आणि अडकलेली बाही खांद्यापासून मनगटापर्यंत शिवून बाहेर पडली, टीप अशी सरळ की…

"खोटं," वहिनी म्हणाली, आणि दातांनी दोरा तोडला. "गुरगुरायला त्याच्या छातीत दम कुठे होता? ते प्यालं आणि झोपलं. घोरत होत्या त्या वन्सं, पिल्लू स्वेटरात घेऊन, इथे टेबलाला टेकून. बाही शिवली मी. आणि टीप वाकडी झाली म्हणून तो शर्ट गिऱ्हाइकानं घेतला नाही. बघायची असेल तर बॉबिनला उठवा, त्याच्याखाली आहे."