सहा पुड्या आणि एक लोलक

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोलकवाले काका गोळ्यांच्या पाकिटावर पितळी लोलक धरायचे. तो सरळ झुलला तर अमृत, गोल फिरला तर विष! फिरला रे फिरला की माणसं तोंडात बोटं घालायची.

"मी नाही सांगत. विश्वाची ऊर्जा सांगते," काका डोळे मिटून म्हणाले. ऊर्जेचा आवाज मात्र हुबेहूब काकांसारखाच होता.

भाचीला घेऊन आलेल्या मावशीच्या फिटच्या गोळ्यांवर लोलक गरागरा फिरला. शिवणकामावर आयुष्य काढलेल्या मावशीनं घरी येताच गोळ्या कपाटात टाकल्या. "इतकी वर्षं विष खाल्लं गं मी!" भाचीची नजर शिलाई मशीनकडे गेली. मशीनवर बसलेली असताना फिट आली तर?

ती धावतच शाळेत बाईंकडे गेली. स्वतंत्र प्रकल्पाला विषय हवाच होता. "एका पुडीत मावशीची गोळी, दुसरीत पेपरमिंट. आत्ताच जाऊन त्यांचं पितळ उघडं पाडते!"

"कुठल्या पुडीत काय, हे तुला माहीत असणार ना?" बाई म्हणाल्या. "तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असतं. काका तेच वाचतील. आणि काय झालं तर तू चुकलीस, हे आधी ठरव."

"बाई, वेळ कुठाय?"

"म्हणूनच नीट आख. एकदा फसलीस तर मावशी पुन्हा तुझं ऐकायची नाही."

भाचीला एका जागी बसवेना. ती वर्गभर येरझाऱ्या घालत होती. तीन योजना लिहिल्या, तिन्ही फाडल्या. मग एकदम थबकली. सगळ्या पुड्यांत एकच गोळी घातली तर? चेहऱ्यावर वाचायला उरतंच काय! आणि काकांनी साऱ्यांना विष म्हटलं, तर आपण हरलो.

संध्याकाळी तिनं काकांसमोर सहा पुड्या मांडल्या. मावशी शेजारीच होती. लोलक फिरला: विष. मग सरळ झुलला: अमृत. शेवटी चार विष, दोन अमृत. भाचीनं पुड्या उघडल्या. सहाही गोळ्या मावशीच्याच.

काका सावरले. "कागदानं ऊर्जा अडवली!"

"मग काय झालं असतं तर लोलक चुकला म्हणायचं?"

"लोलक चुकतच नाही!"

"मग तो खरं सांगतो, हे तरी कसं कळायचं?"

काकांनी घाईघाईनं पुढच्या माणसाला बोलावलं.

"पण तो फिरतो गं," घरी मावशी म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

भाचीनं शर्टाचं बटण दोऱ्याला बांधलं. "हे धर. हात हलवू नकोस. फक्त मनात म्हण, गोल."

बटण हळूहळू गोल फिरू लागलं. मावशी दचकली. "देवाशप्पथ, मी नाही हलवलं!"

"काकाही तेच म्हणतात. मनात आलं की बोटं हलतात, आपल्याला पत्ताच लागत नाही. तू आधी त्यांना काय सांगितलं होतंस?"

मावशी खाली बघत म्हणाली, "गोळ्यांचा कंटाळा आलाय म्हणून."

"तेच त्यांनी तुला ऐकवलं."

मावशीचे डोळे भरून आले. तिनं डॉक्टरांना फोन लावला, राहून गेलेल्या गोळीचं काय करायचं ते विचारलं, आणि कपाट उघडलं.

तुम्हीही कुणावर खुशाल विश्वास ठेवा. पण औषध बंद करण्याआधी त्याला एवढंच विचारा: काय घडलं तर तुम्ही चुकलात असं मानाल? उत्तर मिळालं नाही, तर सरळ डॉक्टरांकडे जा.