गोरक्षच्या शेडमधला जंतू

जीवन गेला त्याला वर्ष होत आलं, तरी कुसाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. गोरक्षला गावासमोर नाक घासायला लावायचं. गोरक्ष म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर. मखमलाबादच्या मळ्यात तिचा झेंडू आणि मेथी, बांधापलीकडे त्याची कोंबड्यांची शेड. तिचा मुलगा जीवन चुलत्याच्या शेडमध्ये कोंबड्या गाडीत भरायला गेला, जाळीची तार पोटरीत घुसली आणि जखम चिघळली. इस्पितळात एकामागून एक इंजेक्शनं झाली, एकही लागू पडलं नाही. धट्टंकट्टं पोर तापात करपून गेलं. आणि गोरक्ष सांत्वनाला येऊन काय म्हणाला, तर "वहिनी, त्याची तब्येत पयल्यापासून नाजूकच व्हती." याला माफ करायचं? का म्हणून?

कोंबड्यांचं वजन लवकर वाढावं म्हणून हा माणूस त्यांच्या पिण्याच्या पाण्यात औषधांचे कॅन ओततो, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडावर फेकायला पुरावा असणं वेगळं.

पुरावा मिळेल असं वाटलं ते गावात नमुने गोळा करत फिरणाऱ्या डॉक्टर दिशामुळे. औषधांना दाद न देणारे जंतू माणसांत आणि जनावरांत एकच आहेत का, हे ती त्यांचा डीएनए जुळवून तपासत होती. जीवनच्या जखमेतला जंतू इस्पितळाने तिच्याकडे पाठवला होता आणि तिने तो गोठवून ठेवला होता. पोर गेलं आणि त्याला खाणारा मात्र जपून ठेवलाय, हे ऐकून कुसाबाईचं टाळकंच फिरलं. मग तिच्या ध्यानात आलं, की तोच आपला साक्षीदार. अडचण एवढीच, की गोरक्ष दिशाला शेडच्या फाटकातही उभं राहू देत नव्हता.

कुसाबाईने दिराला वर्षश्राद्धाचं आवतण धाडलं. पुतण्याच्या श्राद्धाला चुलता आला नाही तर भावकी तोंडात शेण घालणार. गोरक्ष शेडवरून थेट आला, दारात चपला काढल्या, पाय धुतले आणि पाटावर बसला. कुसाबाईने त्याला आग्रह करकरून खीर वाढली, वडे वाढले. तो हात मारत असताना ती ओट्यावर आली, त्याच्या चपलेला चिकटलेली कोंबड्यांची विष्ठा चमच्याने खरवडली आणि दिशाने कुसाबाईच्या गाईचं शेण तपासायला दिलेल्या डबीत भरली.

दिशा चिडलीच. "मावशी, असं चोरून आणायचं नसतं."

"तू तपास. पाप माझ्या माथी."

दिशाने तपासलं. दोन्ही जंतूंच्या डीएनएच्या पट्ट्यांचा फोटो तिने कुसाबाईपुढे धरला. रेघेला रेघ जुळत होती. हा जंतू बहुतेक औषधांना पुरून उरतो, फक्त मेरोपेनेमला हरतो, असंही ती म्हणाली. जीवनला ते मिळालंच नव्हतं. कुसाबाईने ते नाव घोकून तोंडपाठ केलं. गावाच्या येत्या बैठकीत गोरक्षला उघडा पाडायचं ठरलं.

पण त्याआधीच गोरक्षची सून भाग्यश्री बाळंत झाली आणि तिला ताप चढला. शहरातल्या दवाखान्यात इंजेक्शनं चालली होती, पण जीवनसारखाच उतार नव्हता. हे कळल्यावर कुसाबाईला पहिल्यांदा काय वाटलं, तर बरं झालं. खोटं कशाला सांगा? त्याचा चेहरा बघायलाच ती दवाखान्यात गेली.

डॉक्टर बाहेर येऊन विचारत होते, "रिपोर्टला वेळ आहे, तोवर काय द्यावं कळत नाही. घरात आधी कुणाला असं झालं होतं? कोंबड्या, जनावरं आहेत का?"

"हायेत, पर समदं स्वच्छ हाय," गोरक्ष म्हणाला.

"भाऊजी, जीवन कशानं गेला ते सांगा त्यांना," कुसाबाई म्हणाली. "तुम्ही तोंड उघडा, मी औषधाचं नाव सांगते."

"वहिनी, गप ऱ्हा. धंदा बसवायचा हाय का माझा?"

आत सून कण्हत होती आणि हा धंदा बघत होता. कुसाबाईनेही दात आवळले. तो बोलेपर्यंत नाव सांगायचं नाही. पोरीचं कण्हणं तिलाही ऐकू येत होतं.

गोरक्षची बायको ठमाबाई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. ती उठली. "डॉक्टर, हे कोंबड्यांच्या पाण्यात औषधं वततात. आमचा जीवन त्याच शेडात चिरला आन् मेला." मग ती कुसाबाईच्या पायांशी बसली. "आक्का, माझ्या सुनेला वाचवा."

कुसाबाईने औषधाचं आणि दिशाचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी दिशाला फोन लावून खात्री करून घेतली आणि तेच औषध सुरू केलं.

भाग्यश्री वाचली. पण दवाखान्यातून ठमाबाई सून आणि नातवाला घेऊन स्वतःच्या घरी गेलीच नाही, थेट कुसाबाईकडे आली. "त्या मानसाच्या हाती माझं लेकरू देनार नाय," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी गोरक्ष नातवाचं तोंड बघायला आला. ठमाबाईने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. तो ओट्याखाली उभा राहून हाका मारत राहिला आणि शेवटी तिथेच बसून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या कुसाबाईला वाटलं होतं, हे बघून तरी पोटातली आग विझेल. ती विझली नाही. तरी जुड्या संपल्यावरही ती उठली नाही, त्याला रडताना बघत बसून राहिली.