तीन नंबरच्या खोलीतल्या बाळंतिणी

सकाळचे नऊ वाजले की तीन नंबरच्या खोलीत रात्र होते. घड्याळाला जोडलेले दिवे आपसूक मालवतात, कोपऱ्यातला एक लाल दिवा तेवढा राहतो, आणि बत्तीस पिंजऱ्यांमधल्या उंदरिणी उठून कामाला लागतात. उंदरांना लाल उजेड दिसत नाही. त्यांच्या लेखी सगळा अंधारगुडुप. माणसाला मात्र हात चालवण्यापुरतं दिसतं. उंदीर रात्रीचे जागे, माणसं दिवसाची. तेव्हा कोणाचं तरी घड्याळ फिरवणं भागच होतं. संस्थेने उंदरांचं फिरवलं. माणसांचं फिरवलं असतं तर दारात मोर्चा आला असता.

या खोलीची मालकीण नियमताई. कागदोपत्री ती प्राणीघरातली परिचर, पण अकरा वर्षं तिने उंदरांची ही जात वाढवली होती आणि ती जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. या उंदरांना उतारवयात ऐकू येईनासं होतं, अगदी माणसांसारखं, म्हणून बहिरेपणावर काम करणाऱ्या संशोधकांचा त्यांच्यावर डोळा असे. नियमताईला संशोधनाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तिच्या बोलण्यात उंदरीण कधी ‘व्यायची’ नाही, बाळंत व्हायची. पिल्लं झाल्यावर पहिले काही दिवस पिंजरा बदलायचा नाही, घरट्याला हात लावायचा नाही, खोलीत मोठ्याने बोलायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीत कसं वागायचं हे का शिकवावं लागतं, असा तिचा सवाल असे.

नाव मात्र तिला उगाच पडलेलं नव्हतं. आत शिरण्याआधी डोक्यावरून अंघोळ, मग संस्थेचे कपडे, वर अ‍ॅप्रन, टोपी, मोजे. तेल नाही, अत्तर नाही, पावडर नाही. धुलाईखोलीतला बादली (त्याला सगळे बादलीच म्हणत, कारण ती त्याच्या हातातून सुटलेली कोणी पाहिली नव्हती) एकदा पुदिन्याची गोळी चघळत आत आला, तर हिने त्याची लेखी तक्रार केली. दर वर्षी प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागे, की घरी मांजर किंवा कुरतडणारा कुठलाही प्राणी नाही. बाकीचे न वाचता सही ठोकत. नियमताई पूर्ण वाचायची, मग सही करायची, आणि मग इतरांनी वाचला का ते विचारायची.

अशा बाईच्या खोलीत उंदरिणी आपली पिल्लं खाऊ लागल्या.

पहिल्यांदा एकीने खाल्ली, तेव्हा नियमताईने मनावर घेतलं नाही. पहिलटकरीण कधी कधी बिचकते. दुसऱ्या आठवड्यात तिघींनी खाल्ली, आणि त्यांतली एक चार वेळा बाळंत झालेली, अनुभवी. पाचव्या आठवड्यापर्यंत एकवीस बाळंतपणं झाली होती आणि एकोणीस घरटी रिकामी. नियमताई रोज लाल उजेडात पिंजऱ्यांवरून नजर फिरवायची, कागदाच्या पट्ट्यांचं ते विस्कटलेलं घरटं बघायची, आणि नोंदवहीत आकडा लिहायची.

प्राणीघराची डॉक्टर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कामाला चोख. सोमवारी तिने नियमताईला आपल्या खोलीत बोलावलं आणि खुर्ची पुढे केली.

“ताई, शुक्रवारी समिती बसतेय. नुसती खाल्ली जाण्यासाठी पिल्लं जन्माला घालायची, हे नियमात बसत नाही. कारण सापडलं नाही, तर जात बंद करावी लागेल.”

“बंद म्हणजे?”

“बत्तीसच्या बत्तीस. वेदना होणार नाहीत याची काळजी मी स्वतः घेईन.”

नियमताईला राग यायला हवा होता, पण डॉक्टर बोलत होती ते बरोबर होतं. तिच्या जागी आपण असतो तर हेच म्हणालो असतो, हेच तिला जास्त लागलं.

“शुक्रवारच्या आत कारण आणून देते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तसूभर शंका नव्हती. खोली तिची, उंदरिणी तिच्या, मग कारण दुसऱ्या कोणाला सापडणार?

मंगळवारी तिने खोलीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. ढकलगाडीचं चाक माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजात करकरत असेल, म्हणून ती गाडी बाहेर काढली. उंदरांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी वरचे सूर टिपतात. पिल्लू घरट्याबाहेर पडलं की आईला हाक मारतं, तीही आपल्याला ऐकू येत नाही. मग भुशाची नवी गोणी परत पाठवली. दाराच्या फटीतून उजेड येतो का ते अंधारात उकिडवं बसून पाहिलं. बादलीला बोलावून त्याच्या तोंडाचा वाससुद्धा घेतला.

“ताई, गोळी त्या दिवसापासून सोडली मी,” तो बिचारा म्हणाला. “आता तर चहाही बेतानेच पितो.”

बुधवारी डॉक्टर नोंदवही घेऊन आली. तिने दोन ओळींवर बोट ठेवलं.

“ही दोन बाळंतपणं नीट पार पडली. सोळा पिल्लं, सगळी जगली, डोळे उघडून हिंडतायत. त्या तारखा बघा.”

नियमताईने बघितल्या. त्या चार दिवसांत ती तापाने घरी होती. खोली बादलीने सांभाळली होती.

“म्हणजे मी आत गेले की खातात, मी नसले की वाढवतात,” ती म्हणाली.

“मी असं म्हटलं नाही, ताई.”

“वहीने म्हटलंय.”

त्या दिवशी घरी परततानाही तिच्या डोक्यात तेच होतं. अकरा वर्षं जिने त्यांची बाळंतपणं केली, तिच्याच पावलांनी आया बिथरतात? तिचं मन ते मानायला तयार नव्हतं. हात तेच, अंघोळ तीच, टोपी तीच. बादलीत आणि आपल्यात फरक काय, हे ती जिना चढताना एकेक करून मोजत होती, आणि तिसऱ्या मजल्यावर तिचे पाय थांबले.

फरक होता. बादली संस्थेत धुतलेला अ‍ॅप्रन घालायचा, आणि ती घरी धुतलेला.

धुलाईखोलीतलं मशीन सहा आठवड्यांपासून बिघडलं होतं. ते कपडे धुवायचं, पण वाळवायचं नाही, आणि अ‍ॅप्रनला कुबट वास यायचा. कुबट वासाचा अ‍ॅप्रन घालून बाळंतिणीच्या खोलीत कोण जातं? अ‍ॅप्रन इमारतीबाहेर न्यायचा नाही हा नियम तिनेच बादलीला दहादा ऐकवला होता. पण तो बादलीसारख्यांसाठी. आपण घरी नेतो ते नियमाच्याही वरची स्वच्छता म्हणून, अशी तिने मनाची समजूत घातली होती. बिनवासाच्या साबणात धुवायचा, उन्हात वाळवायचा, घडी करून पिशवीत. नियम शिकवणाऱ्यांना नियम मोडताना फार चांगली कारणं सुचतात.

नवरा दारातच होता. छापखान्यात जुळारी म्हणून आयुष्य काढलेला सडपातळ माणूस, गेल्या वर्षी निवृत्त झालेला. तिने चहाही घेतला नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवर उद्यासाठी घडी घालून ठेवलेला अ‍ॅप्रन तिने उचलला आणि दिव्याखाली उलगडला. बाह्या झटकल्या, कॉलर पाहिली. खिशाच्या शिवणीत एक केस अडकला होता, लांब आणि तपकिरी. प्राण्यांच्या केसांत तिची हयात गेली होती; हा केस कोणाचा हे तिला शाळेतल्या पोरासारखं विचारावं लागणार नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली, “मांजर कुठंय?”

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“खाली शिंप्याकडे. पाच वाजले की तिथे नेऊन ठेवतो. तू यायच्या आत.”

“किती दिवस?”

“होतील पाच-सहा आठवडे. जिन्यात सापडलं, एवढंसं होतं. दुपारी या खुर्चीवर ऊन येतं ना, तिथेच झोपतं. अ‍ॅप्रनच्या घडीवर. पण मी ओल्या फडक्याने रोज पुसून काढतो हो, एक केस राहू देत नाही.”

“आणि मी तो फॉर्म भरते. घरी मांजर नाही म्हणून सही करते.”

“म्हणून तर तुला सांगितलं नाही,” तो काकुळतीला आला. “तुला माहीत नसलं की तुझी सही खरीच राहते.”

तिला हसू यावं की संताप, हे तिचं तिलाच कळेना. ती खुर्चीवर बसली. चाळीस पिढ्या. तिच्या उंदरांच्या चाळीस पिढ्यांनी मांजराची शेपटीसुद्धा पाहिली नव्हती. पण मांजराचा वास ओळखायला उंदराला मांजर पाहावं लागत नाही, ते नाकातच घेऊन तो जन्मतो. रोज सकाळी नऊला, अंधार पडल्याबरोबर, त्यांच्या खोलीत मांजर शिरत होतं. ते मांजर म्हणजे ती स्वतः होती. जिथे मांजर येतं तिथे पिल्लं वाढणार नाहीत, असं त्या आयांनी ठरवलं. त्यांचं काय चुकलं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. भुसा बदलला, गाडी बदलली, बादलीचं तोंड हुंगलं.

“तू दिवसभर तुझ्या बाळंतिणींशी बोलतेस,” नवरा हळूच म्हणाला. “मी कोणाशी बोलायचं? कामावर होतो तेव्हा निदान मशीनचा आवाज तरी होता.”

अ‍ॅप्रन तिने पिशवीत घातला, केसासकट, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

गुरुवारी ती तीन नंबरच्या खोलीत गेलीच नाही. शुक्रवारी समितीसमोर जाताना तिची मान ताठ होती. टेबलामागे पाच जण बसले होते, त्यांतले दोघे बाहेरचे. तिने पिशवी मधोमध ठेवली आणि नोंदवही उघडली. शेवटच्या पानावर तिने स्वतःच्या अक्षरात सगळं लिहून आणलं होतं, कुठल्या तारखेपासून अ‍ॅप्रन बाहेर नेला, कोणता नियम मोडला, सगळं.

“आयांना दोष नाही,” ती म्हणाली. “जात चांगली आहे, खोली चांगली आहे. एकोणीस घरटी गेली ती माझ्यामुळे. मला काय करायचं ते करा, त्यांना एक बाळंतपण द्या.”

एका सदस्याने विचारलं, “हेच कारण आहे याची तुम्हाला इतकी खात्री कशी?”

“मला बाहेर ठेवा आणि बघा. तीन आठवडे लागतात. उंदरीण थापा मारत नाही.”

टेबलामागे थोडी कुजबुज झाली, आणि समितीने तीन आठवडे दिले. नियमताईला लेखी ताकीद आणि धुलाईखोली. तिची खोली बादलीकडे. दुसरा कोणी असता तर गाल फुगवून बसला असता. तिने पहिल्याच दिवशी मेकॅनिकला बोलावून मशीन उघडायला लावलं आणि तो पळून जाऊ नये म्हणून दारात स्टूल टाकून बसली. चौथ्या दिवशी अ‍ॅप्रन कोरडे निघाले, कसलाही वास नसलेले. दुपारी बादलीला समोर बसवून ती त्याला सगळं सांगायची, कोणती उंदरीण बुजरी आहे, कोणाला कागदाच्या पट्ट्या जास्त लागतात, शेपटीला धरून उचलायचं नाही, नळीत चालत येऊ द्यायचं. बादली वहीत लिहून घ्यायचा. त्याचं अक्षर चांगलं होतं, हे तिला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

बाविसाव्या दिवशी डॉक्टर स्वतः धुलाईखोलीत आली.

“अकरा बाळंतपणं,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या पोटात दूध दिसतंय, ताई.” नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोटातलं दूध बाहेरून पांढरा ठिपका होऊन दिसतं. तो दिसला म्हणजे आईने जवळ घेतलं.

नियमताई दाराच्या छोट्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. आत लाल उजेडात बादली पिंजऱ्यांमधून मांजरपावलांनी नव्हे, अगदी तिच्यासारखा चालत होता. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. थोडं आनंदाचं होतं, थोडं आपल्यावाचून सगळं सुरळीत चाललंय याचं. तिने दोन्ही पुसलं.

“सोमवारपासून तुमची खोली तुम्हाला,” डॉक्टरने फॉर्म पुढे केला. “एवढी सही करा. घरी मांजर नाही म्हणून.”

“घरी जाऊन वाचते आणि भरते,” नियमताई म्हणाली.

घरी नवऱ्याने टोपलीत जुना टॉवेल अंथरला होता. टोपलीत ते तपकिरी पोर बसलं होतं आणि नवरा चप्पल घालत होता.

“शिंपी कायमचं ठेवायला तयार आहे,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “डॉक्टरांचा फोन आला होता. तुझी खोली तुला मिळतेय. ही अडचण नको.”

तिने फॉर्म टेबलावर पसरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, नेहमीसारखा. ‘नाही’ आणि ‘आहे’ असे दोन चौकोन होते. ‘नाही’समोर तिने अकरा वर्षं खूण केली होती. तिने ‘आहे’समोर केली.

“अगं, हे काय करतेस? तुझी खोली गेली.”

“खोली बादलीची झाली. चांगला आहे तो. धुलाईखोली माझी, तिथे उंदीर नसतात.” तिने खालची ओळ बोटाने दाखवली. “चप्पल काढा. इथे नाव विचारलंय. काय ठेवलंय नाव?”

“नाही ठेवलं,” नवरा म्हणाला. “ठेवलं असतं तर तुझ्यासमोर तोंडातून निघून गेलं असतं.”

“मग ठेवा आता. रकाना रिकामा सोडायचा नाही, नियम आहे.”

नवरा टोपलीशेजारी खाली बसला आणि पिल्लाकडे बघत विचार करू लागला. ती पेन उघडून वाट बघत राहिली.