समोरच्या दारावरची कोरफड

शोभनाकाकूंच्या मनात संशय एकदा येऊन बसला की तो उठायचं नाव घेत नसे. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या अमेरिकेत कॅरीला येऊन पुरता महिनाही झाला नसेल, तेवढ्यात समोरच्या दारावर तो झेंडा लागला. कापडावर ढाल, ढालीत लाल तुऱ्यांची कोरफड आणि वर मुकुट. आता दारावर कोरफड कशाला टांगतात, हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं? दृष्ट परतवायला. आणि परतलेली दृष्ट जाणार कुठे? समोर! समोर त्यांची शरयू, नववा महिना लागलेली.

तिथे राहणारा तांगेनी मूळचा आफ्रिकेतला, औषध कंपनीत नोकरीला. जिन्यात भेटला की हसून विचारायचा, बाळ कधी येणार म्हणून. याला मेल्याला कशाला हव्यात चौकशा? काकूंनी त्याच दिवशी शरयूवरून मीठ-मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या. धुराचा अलार्म ठणाणा करू लागला आणि सगळ्यांत आधी दारात कोण हजर? तोच. म्हणजे पाळतीवरच होता की! शरयूने त्याला सॉरी म्हटलं आणि आईला बजावलं, हा वेडेपणा पुरे. काकू गप्प बसल्या, पण त्यांचं मन काही गप्प बसेना.

जावई सत्यजित तेव्हा कामासाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला गेला होता. शरयूला न सांगता काकू कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात गेल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून आल्या, की समोर कसला तरी झेंडा आहे, कुठला ते माहीत नाही, आम्हाला भीती वाटते. २००२ साल होतं, अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याची धास्ती अजून ताजी. तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत ते दार रिकामं झालं, आणि काकूंना त्या रात्री काय झोप लागली म्हणता!

दुसऱ्या दिवशी दुपारी शरयू जरा पडली होती, म्हणून काकू कचरा टाकायला खाली उतरल्या. परतताना मात्र घोटाळा झाला. सगळ्या इमारती एकाच रंगाच्या, जिने तसेच, दारंही तशीच. एवढे दिवस काकू खालूनच ती कोरफड बघायच्या. तिच्या समोरचं दार आपलं. नंबर लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती. एका दाराला किल्ली लावली, ती फिरेना. दुसऱ्याला लावली, तर आतून बाई ओरडली. खिडक्यांच्या पट्ट्या सारून कोणकोण त्यांच्याकडे बघू लागलं, चोराकडे बघावं तसं. काकू रडकुंडीला आल्या. घरात पोर एकटी, दिवस भरलेले, आणि आईला घर सापडेना!

तेवढ्यात तांगेनीची गाडी आली. त्याने काकूंचा चेहरा बघितला, आणि त्यांना वर घेऊन गेला. दार उघडलं तर शरयू सोफ्याला धरून उभी, पाणमोट फुटलेली. तांगेनी धावत खाली गेला आणि गाडी जिन्याशी घेऊन आला.

मागच्या सीटवर शरयूने आईचा हात घट्ट धरला होता. कळ ओसरल्यावर बोलत राहायचं म्हणून तिने विचारलं, "तुझा झेंडा कुठे गेला?"

"विंडहुकचा होता तो, आमच्या राजधानीचा. कोरफड हे शहराचं चिन्ह," तांगेनी म्हणाला. "शनिवारी आई येतेय. तिची नजर अधू झालीय, नंबर दिसत नाहीत. इथली दारं सगळी सारखी, चुकेल बिचारी, म्हणून लावला होता."

"मग काढलास कशाला?"

सिग्नल सुटला.

"ऑफिसने सांगितलं, समोरच्यांना भीती वाटते."

शरयूने आईकडे बघितलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकूंना झालं. "अगं, मला वाटलं..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

शरयूने हात सोडवून घेतला. पुढची कळ आली तेव्हा काकूंनी आपला हात पुढे केला, पण तिने तांगेनीच्या सीटची पाठ घट्ट धरली.