उजवा हात

सृष्टी डाव्या हातानं जेवायला लागली तेव्हा मी आधी तिला चिडवलं, मग रागावले आणि शेवटी एक धपाटा घातला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सासर-माहेर दोन्हीकडे ठाऊक आहे. पोरगी दुसरीत. वरणभात डाव्या हातानं कालवायची, निम्मा खाली सांडायची आणि उजवा हात फ्रॉकखाली मांडीशी दाबून ठेवायची. मला वाटलं, टीव्हीवर पाहून कुणाची तरी नक्कल करत असेल. लेकरांची नाटकं काय कमी असतात?

मग शाळेतल्या बाईंचा निरोप आला. ही वहीत डाव्या हातानं गिचमिड करते आणि उजव्या हाताला रुमाल गुंडाळून बसते. मी रुमाल सोडून पाहिला. ना जखम, ना सूज. दुखतं का विचारलं तर तिनं मानेनंच नाही म्हटलं. कुणी काही केलं का विचारलं तर रडायला लागली. मुलीच्या आईच्या मनात काय काय येतं, ते सांगायला नको.

नवऱ्याला, प्रेमला सांगितलं. तो विष्णुपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आहे, सकाळी जातो तो दिवेलागणीलाच परत. म्हणाला, पुढच्या सोमवारी डॉक्टरला दाखवू. माणूस गाईसारखा गरीब, पण त्याचं प्रत्येक संकट पुढच्या सोमवारी सुटायचं असतं.

मी मुदखेडची, बौद्धाच्या घरची. प्रेमचं घर त्याच्या आजोबांपासून ख्रिस्ती. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील एवढंच म्हणाले होते की कुणी सांगितलं म्हणून मानू नको, सांगणारा केवढा का मोठा असेना. मी मान डोलावली आणि बाप्तिस्मा घेतला. सासूबाई, केवळाबाई, बाई सोन्यासारखी. त्यांनी मला कधी माहेर तोडायला लावलं नाही. बुद्धपौर्णिमा आली की त्याच म्हणायच्या, जाऊन ये, माणसांना भेट, तिथं हात तेवढे जोडू नको. गावातल्या चर्चमध्ये त्या संडे स्कूल घेतात. लेकरांना गाणी शिकवतात, गोष्टी सांगतात आणि जाताना प्रत्येकाच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवतात.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. सृष्टी चुलीतल्या जाळाकडे बघत बसली होती. मध्येच म्हणाली, नरकातली आग कधीच विझत नाही का? कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाली, आजीनं, आणि आजीला येशूनं.

मी पिठाच्या हातानंच सासूबाईंकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. मागच्या रविवारी तोच पाठ होता म्हणाल्या. हात पाप करायला लावत असेल तर तो तोडून टाकावा. दोन्ही हात घेऊन नरकाच्या आगीत पडण्यापेक्षा थोटं होऊन स्वर्गात गेलेलं बरं. मी म्हटलं, एवढ्याएवढ्याशा लेकरांना हे सांगितलंत तुम्ही?

"मी कोन सांगनार? प्रभूच्या तोंडचं हाय ते."

ते वचन मी काय पहिल्यांदा ऐकत नव्हते. चर्चमध्ये किती वेळा कानावरून गेलं होतं, पण मी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. आज ते सृष्टीच्या कानानं ऐकलं. तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, असं बोलणारा चांगला कसा?"

बोलले आणि घाबरले. सासूबाईंना नाही. इतक्या वर्षांत ती आग माझ्याही आत कधी येऊन बसली, ते मला कळलं नव्हतं. वाटलं, माझ्या जिभेची शिक्षा पोरीला झाली तर? सासूबाईंनी डोळे मिटले आणि पुटपुटत माझ्यासाठी क्षमा मागायला लागल्या.

मी सृष्टीला जवळ घेतलं. सांगितलं की कुणी हात-बित तोडत नसतं, ते मोठ्या माणसांचं बोलणं आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हंजे येशू खोटं बोलला का?"

आत्ता पाच मिनिटांपूर्वी त्याच्यावर दगड भिरकावून आलेली मी. पण पोरीच्या तोंडावर हो म्हणायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, "न्हाई बाळा, येशू खोटं बोलत न्हाई."

तिला पाहिजे होतं ते उत्तर तिला मिळालं.

शनिवारी सकाळची शाळा करून ती घरी आली. लाईट गेलेली होती. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते, सासूबाई आडव्या झाल्या होत्या. मिरच्या पसरून झाल्यावर लक्षात आलं की पोरीचा आवाज नाही. घरात नाही, शेजारी नाही. गोठ्याकडे गेले.

गोठ्यात आमची कडबा कुट्टी आहे, कडब्याचे बारीक तुकडे करणारी, मोटारीवरची. सृष्टी घमेलं पालथं घालून त्यावर उभी होती. जिथून कडबा आत सारतात तिथं तिनं उजवा हात कोपरापर्यंत घातला होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. भिंतीवरचं बटण चालू करून ठेवलेलं. ती लाईट यायची वाट बघत होती.

ओरडायची सोय नव्हती. दचकली असती तर हात कुठं गेला असता? आणि लाईटीचा काय भरवसा, आत्ता येईल नाही तर रात्री. मी चपला काढल्या. दारापासून कुट्टीपर्यंत अंतर ते किती, पण संपता संपेना. मनात सारखं एकच, येऊ नको, येऊ नको. मी विजेची विनवणी करत होते की देवाची, मला अजून सांगता यायचं नाही.

कंबरेला धरून तिला मागं ओढलं. दोघी भुशात पडलो. मी तिला घट्ट धरलं आणि ती माझ्या हातातून सुटायला धडपडत होती.

"काय करून राहिली व्हतीस तू?"

"सोड मम्मी. या हातानं मी मामाच्या घरी मेनबत्ती लावली. बुद्धापुढं."

लावली होती खरी, बुद्धपौर्णिमेला माझ्या माहेरी. मेणबत्ती हलत होती, मेण बोटावर पडेल म्हणून मीच तिच्या हातावर हात धरला होता.

प्रेमला फोन केला, तो कधी नव्हे ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. सासूबाईंनी चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. तरुण माणूस, उदगीरकडचा, आवाज मऊ. त्यांनी पाण्यालाही हात लावला नाही. सृष्टीला मी मांडीवरून उतरू देत नव्हते. ते समजावून सांगू लागले की तो दृष्टांत आहे, प्रभूला खरोखर हात तोडणं अभिप्रेत नव्हतं, वाईट सवय तोडावी असा त्याचा अर्थ.

मी विचारलं, "म्हणजे हात तोडायचं खरं न्हाई?"

"नाही ताई. ती बोलायची रीत आहे."

"आन् नरक? ती बी बोलायची रीतच का?"

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, प्रेमकडे पाहिलं. म्हणाले, "नरक खरा आहे, ताई."

"मग माझ्या पोरीचं काय चुकलं? आग खरी आसंल, आन् ती कधीच विझणार नसंल, तर एक हात लई स्वस्तात गेला म्हणायचा."

तेवढ्यात लाईट आली. डोक्यावरचा पंखा फिरायला लागला आणि गोठ्यात कुट्टी घरघरत सुरू झाली. बटण बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. रिकामं पातं नुसतं फिरत होतं. म्हैस दावं ताणून ओरडायला लागली. सृष्टीनं उजवा हात माझ्या पदरात खुपसला. प्रेम धावत गेला आणि मशीन थांबलं.

मग मीच बोलले. म्हटलं, तो लेकरांना जवळ घ्यायचा, मांडीवर घ्यायचा असं तुम्हीच सांगता. मग हे बोलताना त्याला एकाही लेकराची आठवण झाली नाही का? तो देव असेल तर आपलं बोलणं कुठल्या कानावर पडणार, हे त्याला माहीत होतं. माहीत असून बोलला असेल, तर मी त्याला चांगलं कसं म्हणू?

"असं बोलू नये, ताई," पाळकसाहेब हळूच म्हणाले. मला वाटलं होतं चिडतील. पण त्यांनी हातातलं बायबल छातीशी घट्ट धरलं. तेही माझ्यासारखेच भ्यायले होते.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "मला बी माझ्या मायनं असंच सांगितलं व्हतं. म्हातारी झाले, पर आजून चुलीपुढं बसले की भेव वाटतं."

एवढी वर्षं मी त्यांच्याबरोबर एका चुलीवर रांधत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. माझा राग होता तिथंच राहिला, पण त्यांच्यावरचा उतरला.

संध्याकाळी मी सृष्टीला माझ्या हातानं भरवायला बसले. दूधभाकरी कुस्करली. दोन घास तिच्या पोटात गेल्यावर म्हटलं, "ऐक. तशी आग कुठंच न्हाई. येशूनं सांगितलं आसंल तरी न्हाई." जीभ चाचरली नाही. आता डोक्यावर काय कोसळतं, याची वाट बघत होते. काही कोसळलं नाही.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"नक्की?"

"नक्की."

"मग तुझा बी ऱ्हाऊ द्यायचा ना?"

काय, म्हणून मी विचारलं. तिनं माझ्या हाताला, घास धरलेल्या हाताला, बोट लावलं.

"तू बी लावली व्हती मेनबत्ती. म्हनून मी आधी माझा तोडून बघनार व्हते, लई दुखतं का ते. मग तुला सांगनार व्हते."