ओल्या गव्हाची कोठी

मित्रांनो, मी गहू साठवणारी पत्र्याची एक जुनी कोठी आहे. अन्नाचे पात्र म्हणजे मंगल वस्तू, असे तुम्ही मानत असाल. मीही दीर्घकाळ तसेच मानीत आले. परंतु ज्या उदरात अन्न नांदते, त्याच उदरात मृत्यूही मुकाट्याने येऊन बसू शकतो, हे मी एका दुपारी जाणले.

माझा जन्म पत्र्याचे काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या हातून झाला. त्याने माझे सांधे ठोकून वितळलेल्या धातूचा डाख दिला, मला काठोकाठ पाण्याने भरले आणि चहूबाजूंनी निरखून पाहिले. "पाणी गळत नाही, म्हणजे मुंगीही शिरायची नाही," असे म्हणून त्याने झाकण बसवले. ते इतके घट्ट बसे, की उघडताना दोन्ही हात लावावे लागत.

मी ज्या घरी आले, तेथील गृहस्थ घड्याळजी होते. त्यांच्या पत्नी दरवर्षी गहू धुऊन गच्चीवर चादरींवर पसरीत. भरण्यापूर्वी त्या एक दाणा दातांखाली धरीत. तो कट्‌कन फुटला, की गहू वाळला. नुसता चेपला, तर आणखी ऊन. या परीक्षेत त्यांनी कधी दयामाया दाखवली नाही. माझ्या पोटातल्या गव्हाचे पीठ झाले, रवा झाला, बाळांसाठी पातळ पेज झाली. कोंडा गाईपुढे गेला, आणि चमचाभर पिठाच्या खळीने मुलांच्या पुस्तकांना पुठ्ठेही चिकटले. "माझी कोठी आहे म्हणून मी निश्चिंत आहे," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या शब्दांनी मी धन्य होत असे.

पुढे त्या निवर्तल्या. माझे झाकण एकदा फरशीवर आपटून त्याची कड वाकली. "ठोकून घेऊ," असे घड्याळजी म्हणाले, आणि ते तसेच राहिले. फटीत एक फडके कोंबले जाऊ लागले. त्या फटीतून किडे आले. त्यांनी दाणे आतून पोखरले, आणि एके वर्षी ओंजळभर गहू उचलताच बोटांतून नुसती भुकटी गळली.

म्हणून या वर्षी घड्याळजींनी बाजारातून किडे मारण्याच्या गोळ्या आणल्या. त्याच सुमारास त्यांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. उन्हाळ्याचे दिवस होते. माझी खोली घरात सर्वांत गार, म्हणून दुपारी मायलेकरे माझ्याच शेजारी निजत.

त्या सकाळी घड्याळजींच्या सुनेने गच्चीवरून आणलेला एक दाणा चावून पाहिला.

"मामंजी, नुसता चेपतोय. अजून एक ऊन द्यायला हवं."

"अगं, ढग बघ केवढे आलेत. भिजला तर सगळाच हातचा जाईल. भर."

"घड्याळाचा काटा पुढं ढकलता येतो हो, उन्हाला कसं ढकलणार?"

"सासूची जीभ बरी उचललीस," घड्याळजी हसले. "आणि आता या गोळ्या आहेत ना. गोळी आत, झाकण वर, काम झालं. दुकानदार बरंच काही सांगत बसला होता, पण इकडे माझी गिऱ्हाइकं खोळंबली होती."

ओलसर गहू माझ्यात ओतला गेला. फडक्यांत बांधलेल्या गोळ्या मध्ये ठेवल्या गेल्या. वाकडे झाकण बसले, फटीत नेहमीचे फडके गेले. ती ओल गोळ्यांपर्यंत पोचली, तेव्हा माझ्या आत जे घडू लागले त्याला धूर नव्हता, रंग नव्हता, आवाज नव्हता. ते नुसते वाढत होते, आणि फडक्याच्या धाग्यांतून बाहेर जात होते. मला कंठ नाही, मित्रांनो. बाळ माझ्याकडे पाय करून निजले होते.

जेवणानंतर लेक त्याच्या शेजारी आडवी झाली. ढग आलेले पाहून खिडकी लावून घेतलेली होती.

"वहिनी," थोड्या वेळाने ती पडल्यापडल्याच म्हणाली, "आज भाजीत लसूण पोत्यानं ओतलास की काय? इथपर्यंत वास येतोय. डोकं जड झालं माझं."

"झोपा आता, वन्सं," स्वयंपाकघरातून उत्तर आले. "माहेरी आलात, म्हणजे माझ्या स्वयंपाकाची परीक्षा घ्यायलाच हवी का?"

भांडी घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग तो एकाएकी थांबला.

"वन्सं, आज मी लसूण सोललाच नाही."

खोलीतून फक्त कण्हणे आले. सून ओल्या हातांनीच धावत आली. लेक उठू पाहत होती, आणि तिला उलटी झाली. सुनेने बाळाला उचलले. त्याची मान तिच्या हातावरून खाली लोंबली. ओठ निळसर झाले होते. एका हाताने बाळ, दुसऱ्या हाताने नणंद, अशी दोघांना सावरत ती अंगणात गेली. शेजाऱ्याच्या गाडीतून तिघे दवाखान्यात गेले.

घड्याळजींनी दारे-खिडक्या उघडल्या, तोंडावर पंचा बांधला आणि मला ढकलत अंगणात आणले. मग ते पायरीवर बसून राहिले. दिवेलागणीला सून बाळाचे कपडे न्यायला आली.

"वन्सं बऱ्या आहेत," ती म्हणाली.

"आणि बाळ?"

"नळीनं हवा देताहेत. अजून रडलं नाही." ती झबली निवडू लागली. "त्या गोळ्यांना ओल लागली, की लसणाच्या वासाचा विषारी वायू सुटतो म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, गहू ओला होता का."

घड्याळजींनी मान खाली घातली.

"उठा, मामंजी. वन्सं विचारताहेत, बाबा कुठं राहिले."

काही दिवसांनी फाटकापाशी आलेले बाळाचे रडणे मला अंगणात ऐकू आले. पूर्वी बाळाने सूर लावताच घरभर धावपळ होई. त्या दिवशी त्याला कुणीही गप्प केले नाही. अजूनही ते रडता रडता मध्येच थांबते, तेव्हा घरातील सर्वांचे हात थांबतात. पुढचा सूर येईपर्यंत कुणी हलत नाही.

मित्रांनो, माझ्या झाकणाची कड वेळीच ठोकली असती, आणि गव्हाला आणखी एक ऊन मिळाले असते, तर कदाचित इतके घडले नसते. पण ज्या घरात माणसे निजतात, तेथे असे विष ठेवूच नये, हे मी आता जाणते. तुमच्या घरी धान्यात कुणी अशा गोळ्या ठेवल्या असतील, तर माझी कहाणी येथेच थांबवा. उठा, आणि त्या खोलीत आत्ता कोण निजले आहे, ते पाहून या.