कानशिलावरचं ऊन

"केस काप म्हणावं हवं तर, पण रंगाला हात लावू देऊ नकोस तिला," आई फोनवर म्हणाली. "परवा तिच्या पांढऱ्या एप्रनवर हा एवढा चहाचा डाग होता. तिला दिसला नाही. तिला! कळतंय का?"

मी हसण्यावारी नेलं. एरवी काळजीचा मक्ता माझ्याकडे. लेक शिंकली तरी मी थर्मामीटर शोधते. पण पार्लरवाली मावशी म्हणजे काळजी करायची जागाच नव्हे. तिच्या हाताखाली माझं डोकं लहानाचं मोठं झालं होतं.

तिचं दुकान म्हणजे जिन्यालगतची एक खोली, दोन खुर्च्या आणि एक भली मोठी खिडकी. काळ्याभोर केसांत हायलाइट्स करावेत तर तिनेच. तो शब्द मात्र तिने कधी तोंडात घेतला नाही. "ऊन घालते," म्हणायची. आणि ऊन मुळात जिथे पडतं तिथेच घालायची: कानशिलावर, भांगाच्या कडेला, टोकांना. "काळ्यावर पिवळे पट्टे ओढले की वाघ होतो गं, बाई नाही होत." रंग लावलाय हे कळताच कामा नये. लोकांनी फार तर विचारावं, सुट्टीवर गेली होतीस का?

तिचं माप होती माझी एक बट. मी पाच वर्षांची असताना सुट्टीभर उन्हात खेळले आणि कानशिलावरचे केस मधासारखे झाले. तिने त्यातली चिमूटभर बट कापून रंगांच्या नमुन्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. "कंपनीवाल्यांना काय कळतंय? खरा रंग हा." पुढे कितीतरी बायकांच्या केसांत माझं लहानपण उतरलं. आई म्हणायची, "अर्धी गल्ली तुझ्या बहिणी झाल्यात."

बाळंतपणानंतर माझे केस मूठमूठ गळाले. ते परत आले, पण आरशाशी माझं पूर्वीसारखं जमेना. लेक चार वर्षांची झाली तेव्हा वाटलं, ते ऊन एकदा परत मागून बघावं.

"ही बया कोण?" मावशीने लेकीचा गालगुच्चा घेतला. "डिट्टो तू. फक्त हिला बोलता येतं, तू नुसती भोकाड पसरायचीस."

ब्लीचचा वास नको म्हणून मी लेकीला खिडकीशी बसवलं. खिडकीचे गजही हलवून पाहिले. मावशीने बारीक बारीक बटा उचलल्या आणि मुळं सोडून ब्रश अलगद खाली ओढत नेला. हात तोच होता. पण बाटल्यांना रबरबँड लावलेले दिसले. एकीला एक, दुसरीला दोन. हे पूर्वी नव्हतं.

धुतल्यावर तिने ओली बट डोळ्यांजवळ धरली. "फार पिवळं निघालं. टोनर लावून जरा दाबते."

"पुठ्ठ्याशी लावून बघ ना, मावशी."

"पुठ्ठा कशाला? तो रंग माझ्या डोळ्यांत बसलाय."

पुन्हा लावलं, पुन्हा धुतलं. "अजून पिवळंच." तिसऱ्यांदा मात्र ती खुलली. "हं! आता कशी. तीच माझी पोर."

लेक माझ्याकडे बघत होती. "आई, तू आजी झालीस."

मी खिडकीत जाऊन बट उन्हात धरली. राख. विझून थंड झालेली राख.

"पोर काहीतरीच बोलतेय," मावशी हसली. मी पुठ्ठा काढून आणला आणि जुनी बट नव्या बटीला लावली. "इथे ये. ही कशी दिसते?"

"मधासारखी."

"आणि ही?"

"तीही." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "नाही का गं?"

ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. तिला त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सगळंच सोनेरी दिसतं हल्ली," ती म्हणाली. "मला वाटलं, इतक्या वर्षांनी हात बसला."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवेन गं. पण काम बंद कर म्हणाला तर? हातात ब्रश नसला की मी कोण?"

मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी सोबत गेले. पट्टी निघाली तशी तिने माझी बट बोटांत धरली. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"अगंबाई! हे मी केलं?" ती खो खो हसली. हसता हसता थांबली. "एकेक जण येईनाशी झाली. मला वाटलं, संसारात रमल्या. एकीने तरी सांगायचं ना गं, मावशी, चुकतंय."

आईला डाग दिसला होता. तिने तो मला सांगितला, मावशीला नाही.

"दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं?" मी विचारलं.

"करू. घाई नको." तिने नवा डोळा तळहाताने झाकला आणि जुन्याने माझ्याकडे, मग लेकीकडे पाहिलं. "ह्याच्यातून तुम्ही दोघी अजून उन्हातच दिसता."

तुमचीही अशी कोणीतरी असेल. केस कापणारी, ब्लाउज शिवणारी. हल्ली तिचं काम बिघडतंय म्हणून तुम्ही गुपचूप दुसरीकडे जायला लागला असाल. एकदा तिच्याकडे जाऊन या. तिला खिडकीशी न्या, जवळचं काहीतरी तिच्यापुढे धरा आणि विचारा, "मावशी, ह्याचा रंग कसा दिसतो?"